आपत्कालीन वैद्यकीय कर्मचाऱ्यांची मानसिक लवचिकता मोजताय? या चुका टाळा

मानसिक लवचिकता म्हणजे ताण आणि धक्के पचवून पुन्हा उभं राहण्याची क्षमता. ती मोजताना सगळ्यात मोठी चूक पहिला प्रश्न विचारण्याआधीच होते. ड्युटी लावणारा अधिकारीच फॉर्म वाटतो आणि तोच गोळा करतो. भीषण अपघात हाताळल्यापासून झोप उडाली आहे, हे त्या फॉर्मवर कोण कबूल करेल? मग सगळे जण ठणठणीत निघतात. जवळजवळ प्रत्येकाचे गुण वरच्या टोकाला दिसले, तर आनंद मानू नका. फॉर्म कुणाच्या हातात जात होते ते आधी पाहा. नाव नको, कर्मचारी क्रमांकही नको. लहान तुकडीत वय, लिंग आणि हुद्दा एवढ्यावरूनसुद्धा माणूस ओळखता येतो. सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं असेल, तर ज्याने-त्याने स्वतः ठरवलेला सांकेतिक शब्द पुरतो.

प्रश्नावल्यांची सरमिसळही नेहमी दिसते. २००३ साली आलेल्या कॉनर-डेव्हिडसन स्केलमध्ये २५ विधानं आहेत, गुण ० ते १००. त्यात चिकाटी, जुळवून घेण्याची तयारी अशा जमेच्या बाजू मोजल्या जातात. २००८ च्या ब्रीफ रेझिलियन्स स्केलची ६ विधानं मात्र धक्क्यातून माणूस किती सावरतो, एवढंच विचारतात. एकीचे गुण दुसरीशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

या दुसऱ्या स्केलमध्ये प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण असतात. त्यातली २, ४ आणि ६ क्रमांकाची विधानं उलट्या अर्थाची आहेत, म्हणजे त्यांना होकार दिला तर लवचिकता कमी. त्यांचे गुण उलटवायचे राहिले, की ५ आणि १ एकमेकांना खाऊन टाकतात आणि खंबीर माणूस व खचलेला माणूस दोघांचीही सरासरी ३ येते. सगळेच ३ च्या आसपास घोटाळत असतील, तर पहिला संशय इथे घ्या.

वेळही सांभाळा. एका तुकडीकडून नाइट संपताना आणि दुसरीकडून सुट्टीनंतर फॉर्म भरून घेतले, तर फरक थकव्याचाही असू शकतो. शिवाय नोकरी सोडून गेलेले आणि दीर्घ रजेवरचे लोक मोजणीत नसतातच. ‘अनुभवाने लवचिकता वाढते’ असा निष्कर्ष काढण्याआधी त्यांची आठवण ठेवा.

प्रशिक्षणासाठी फक्त कमी गुणांचे लोक निवडले, तर प्रशिक्षण कुचकामी असलं तरी पुढच्या वेळी त्यांचे गुण सरासरीने थोडे वर सरकतात, कारण काहींचे गुण त्या दिवशी केवळ योगायोगाने कमी आलेले असतात. प्रशिक्षण न मिळालेला तसाच गट तुलनेला हवा.

आणि हे गुण भरती, बढती किंवा बदलीसाठी वापरणं तर सरळ अन्याय आहे. कमी गुण म्हणजे निदान नव्हे. सलग ड्युट्या, अपुरं मनुष्यबळ, नातेवाइकांकडून होणारी मारहाण यांची नोंद न करता नुसती लवचिकता मोजली, तर व्यवस्थेचा दोष कर्मचाऱ्याच्या माथी बसतो. या नोंदी त्याच अहवालात, त्याच पानावर द्या. फॉर्म निनावी असल्यामुळे कोण कोलमडलंय हे नंतर शोधता येणार नाही. म्हणून समुपदेशकाचा नंबर फॉर्मवरच छापा आणि तो खरोखर उचलला जातो का, हे वाटपाआधी स्वतः फोन करून पाहा.