‘मी नुसता बसतो, बोलत नाही’: बोर्ड मीटिंगमधल्या या चुका टाळा

ज्या व्यवहारात स्वतःचा हितसंबंध आहे, तो बोर्डापुढे आला की संचालक म्हणतात, ‘मी नुसता बसतो, बोलत नाही.’ कंपनी सेक्रेटरी म्हणून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर पडलं तरी डोकं तापतं. कंपनी कायदा 2013 चं कलम 184 फक्त मतदानाबद्दल नाही. ज्याचा हितसंबंध आहे त्याने तो जाहीर करायचा आणि त्या विषयात भागच घ्यायचा नाही.

एका पब्लिक कंपनीत मालवाहतुकीचं कंत्राट एका संचालकांच्या भागीदारी फर्मला द्यायचं होतं. त्यांनी तोंडी सांगितलं, "फर्म माझी आहे," आणि खुर्चीवरच बसून राहिले. एकाने दर चढा वाटतो म्हणताच ते बोलले, "अहो, डिझेल कुठे गेलंय बघा की." चर्चा तिथेच मिटली. मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या नोंदीत, मीच लिहिलं: उपस्थित पाच, ठराव एकमताने मंजूर. पुढच्या वर्षी ऑडिटरने नेमकं ‘एकमताने’वर बोट ठेवलं: म्हणजे त्या पाचांत हे संचालकही आले. असा करार कंपनीला रद्द करता येतो आणि कलम 167 प्रमाणे संचालकाचं पदही जातं. त्यांचं गेलं. तो शब्द मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी एमबीपी-1 (संचालक आपले हितसंबंध लिहून देतात तो फॉर्म) ची फाइल आणि अजेंडा शेजारी ठेवून बसतो. नाव जुळलं की पेन्सिलने खूण करतो आणि लगेच फोन लावतो. तो विषय अजेंड्यात शेवटी घेतो, म्हणजे बाहेर जाणाऱ्याला परत यावं लागत नाही. बाहेर गेल्याची वेळ मिनिट्समध्ये लिहितो. व्हिडिओ मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करणं म्हणजे बाहेर जाणं नव्हे; कॉलमधून काढा.

गेल्या वर्षीच्या एमबीपी-1 वर नुसती तारीख बदलू नका. नव्याने रुजू झालेले सेक्रेटरी हे सर्रास करतात आणि वर्षभरात घेतलेली नवी भागीदारी निसटते.

करार ज्या कंपनीशी आहे तिच्यात "माझे दीडच टक्के शेअर आहेत" असं म्हणणाऱ्याला विचारा, बाकी संचालकांचे किती? दोन टक्क्यांच्या वर गेलं की हितसंबंध धरतात, आणि ही मर्यादा सगळ्यांचे मिळून मोजतात.

प्रायव्हेट कंपनीत हितसंबंध जाहीर केल्यावर भाग घेता येतो, ही 2015 ची सवलत. ती पब्लिक कंपनीत चालवू नका.

पब्लिक कंपनीत त्या विषयाचा कोरम (लागणारी किमान हजेरी) मोजताना हितसंबंधी संचालक धरू नका.

आणि तो बाहेर गेला म्हणजे उरलेल्यांचं काम संपलं, असं नाही. 16 डिसेंबर 2008 ला सत्यम या आयटी कंपनीच्या बोर्डाने संस्थापक राजू यांच्या कुटुंबाशी जोडलेल्या मेटास कंपन्या घ्यायला मंजुरी दिली. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. दर कशावरून ठरला, हे टेबलावर बसलेल्यांनीच विचारायचं असतं.