ग्लास फिल्ड पार्ट तुटतायत? दाण्याला दोष देण्याआधी या चुका टाळा

ग्लास फिल्ड, म्हणजे काचेचे बारीक तंतू मिसळलेल्या प्लास्टिकचा पार्ट तुटला की भोसरी-चाकणच्या शॉपमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं: "माल खराब आलाय." मग प्लास्टिकच्या दाण्याची राख काढतात (भट्टीत प्लास्टिक जळून जातं, काच उरते), ती बरोबर ३० टक्के भरते आणि गाडी तिथेच अडते. राखेवरून काच किती ते कळतं, तंतू केवढे उरलेत ते कळत नाही. ताकद मात्र त्या लांबीवर ठरते.

भोसरीतल्या एका शॉपमध्ये ३० टक्के ग्लासच्या नायलॉन ६ चा ब्रॅकेट चालू होता. जुलैत पार्टवर चंदेरी रेघा आल्या. ऑपरेटरने मोल्डिंग मशीनचं बॅक प्रेशर (दाणा वितळवणारा स्क्रू मागे सरताना त्याला होणारा विरोध) वाढवलं, स्क्रूचा वेगही वाढवला. रेघा थोड्या दबल्या, शिफ्ट निघाली. पुढे असेंब्लीत बोल्ट आवळताना ब्रॅकेट बॉसपाशी (बोल्ट बसतो त्या उंचवट्यापाशी) तडकू लागले. मूळ दुखणं ओलाव्याचं होतं. साधा हॉपर ड्रायर बाहेरचीच हवा तापवून दाण्यात सोडतो. पावसाळ्यात ती हवाच दमट, मग नायलॉन सुकणार कसं? ओल्या नायलॉनच्या साखळ्या बॅरलमध्ये तुटतात, त्यात जादा बॅक प्रेशरने काचही दळली जाते. रेघा झाकण्याच्या नादात दुहेरी नुकसान झालं.

डिह्युमिडिफाइंग ड्रायर, म्हणजे हवेतला ओलावा काढून ती दाण्यात सोडणारा, लावा. ८० अंशांवर किमान ४ तास, पोतं उघडं राहिलं असेल तर त्याहून जास्त. ओलावा ०.२ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय दाणा मशीनवर घेऊच नये. तापमान चढवून वेळ वाचवायला जाल तर नॅचरल (बिनरंगी) दाणा पिवळा पडेल. बॅक प्रेशर मेल्ट (वितळलेलं प्लास्टिक) एकजीव होण्यापुरतंच ठेवा.

आणि राख फेकू नका. दाण्याची आणि पार्टची, दोन्हींची चिमूटभर राख काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा. चोळू नका, तंतू तिथेच तुटतील. मायक्रोस्कोपखाली दाण्यातले तंतू साधारण ०.२ ते ०.४ मिमी दिसतात. पार्टमधले निम्म्यावर आले असतील तर पुरवठादाराला फोन करण्याआधी स्क्रू, नोझल आणि गेट (साच्यात प्लास्टिक शिरतं ते तोंड) तपासा. पिन गेटच्या बारीक तोंडातून काच दामटली की ती तुटणारच.

रनर (गेटपर्यंतच्या वाटेत गोठलेलं प्लास्टिक) दळून पुन्हा घालताना हेच लक्षात ठेवा. दर फेरीला तंतू आखूड होतात, राख तेवढीच भरते.

कॅल्शियम कार्बोनेट भरलेल्या पीपीची (पॉलिप्रॉपिलीन) राख ९०० अंशांवर काढणं ही दुसरी नेहमीची चूक. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, १०० ग्रॅम कार्बोनेटचे ५६ ग्रॅमच उरतात. २० टक्के फिलर ११ टक्के दिसतो आणि विनाकारण माल परत जातो. फर्नेस ५५० ते ६०० अंशांवर ठेवा.

काचेच्या जागी टाल्क (मऊ दगडाची पूड) घालून खर्च वाचत नाही. पार्ट ताठ होतो, पण काचेची ताकद येत नाही.

पीपीत काच घालताना मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पीपी १ ते २ टक्के घाला. नाहीतर तंतू पकडच घेत नाहीत, तुटलेल्या तोंडावर ते उघडे, कोरे दिसतात.

वेल्ड लाइन (साच्यात प्लास्टिकचे दोन प्रवाह जुळतात ती रेषा) बोल्टच्या भोकाशी येत असेल तर काच वाढवून उपयोग नाही. तंतू त्या रेषेला ओलांडत नाहीत, गेटच हलवावा लागतो.