चिनी निसर्गचित्रातला फिकट रंग कसा आणावा

जुनं चिनी निसर्गचित्र समोर ठेवून आपण त्याचा फिकट तांबूस, निळसर रंग पॅलेटवर मिसळत बसतो आणि तो काही केल्या जमत नाही. कारण तो निम्मा खालच्या शाईत असतो. युआन राजवटीच्या काळातले (तेरावं-चौदावं शतक) चित्रकार ह्वांग गोंगवांग यांच्या नावाशी जोडली गेलेली ‘छ्येनज्यांग’, म्हणजे फिकट तांबूस पद्धत, त्यासाठी शिकायला उत्तम. तिला मुळात दोनच रंग लागतात: गेरू आणि नीळ.

१. सरस आणि तुरटीचं पाणी दिलेला शुआन, म्हणजे चिनी चित्रांसाठीचा पारंपरिक कागद घ्या. कोऱ्या शुआनवर रंग टिपकागदासारखा पसरतो, नवख्याला आवरत नाही. कागदाखाली जुनी घोंगडी अंथरा.

२. शाईची कांडी दगडावर उगाळा आणि पाच बशांत गडद ते अगदी पुसट अशा पाच छटा करा. डोंगराच्या कडा, खडकाच्या सुरकुत्या, सावल्या, सगळं शाईतच पूर्ण करा. इथे घाई नको. हे चित्र रंगाशिवायही उभं राहिलं पाहिजे. मग रात्रभर वाळू द्या.

३. आता गेरू. ट्यूबमधला बर्न्ट सिएनाही चालेल. त्यात शाईचा एक थेंब टाकला की भडकपणा जातो. रंग चहाच्या पाण्याइतका पातळ हवा. हातात दोन कुंचले धरा, एकात रंग, दुसऱ्यात नुसतं पाणी. खडकाच्या पायथ्याशी रंग टेकवायचा आणि लगेच पाण्याच्या कुंचल्याने त्याची वरची कड विरवायची, इतकी की रंग कुठे संपला ते दिसू नये. पहिला हात दिल्यावर काहीच झालं नाही असं वाटेल. वाटू द्या. पूर्ण वाळला की दुसरा हात, मग तिसरा. एकाच दाट हातात हे काम उरकलं तर खालची शाई गुदमरते.

४. दूरच्या डोंगरांना निळीत पुसट शाई मिसळून एखादाच हात द्या. धुकं रंगवू नका, तिथला कागद कोरा सोडा.

ओला रंग नेहमी गडद दिसतो, म्हणून वाळल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

हात बसला की निळ्या-हिरव्या शैलीकडे वळा. चिनी चित्रकार वांग शीमंग यांच्या १११३ सालच्या, जवळपास १२ मीटर लांब रेशमी पटावर डोंगर अझुराइट (निळं) आणि मॅलाकाइट (हिरवं) या खनिजांनी रंगवले आहेत. तसा हिरवा थेट कागदावर लावला तर कच्चा दिसतो. आधी गेरूचा एक हात द्या, तो वाळू द्या, मगच हिरवा, आणि माथ्याला शेवटी निळा.