घोड्याचं जुनं सामान घेताय? निदान या चुका तरी टाळा

नाल सापडला म्हणून घोडा विकत घ्यायला निघालेल्या माणसाला आपण हसतो. जुन्या सामानाच्या खरेदीत मात्र सर्रास हेच चालतं. कुठेतरी झकास बिट, म्हणजे घोड्याच्या तोंडात आडवी बसणारी, दोन्ही टोकांना कड्या असलेली दांडी, स्वस्तात दिसतं, हात शिवशिवतात, ते घरी येतं, आणि मग ते आपल्या घोड्याच्या तोंडात बसतं का हे बघायला माणूस तबेल्यात जातो. बसत नाही. मग 'पुढेमागे उपयोगी पडेल' म्हणून ते खुंटीला. अशा खुंटीवर लटकलेल्या सामानाच्या पैशांत एक बरं खोगीर आलं असतं, असे तबेले मी बरेच पाहिले आहेत.

जुनं सामान घेऊ नका, असं मी मुळीच म्हणत नाही. माझं स्वतःचं निम्म्याहून जास्त सामान दुसऱ्यांच्या घोड्यांवरून उतरलेलं आहे. चांगल्या कातड्याचा, निगा राखलेला वीस वर्षांचा लगाम हा आजच्या स्वस्तातल्या नव्या लगामापेक्षा कधीही उजवा. माझा राग आहे तो घाईवर.

घोडा न मोजताच सामान शोधायला लागणं

'माझा घोडा मध्यम उंचीचा आहे, कुठलं बिट बसेल?' हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता मी उत्तरच देत नाही, सुतळी हातात देते. उंचीवरून तोंडाची रुंदी कळत नाही. बऱ्याच घोड्यांना पाच इंच, म्हणजे साधारण 125 मिलिमीटरचं बिट लागतं हे खरं, पण साडेचारचा मोठा घोडाही असतो आणि साडेपाचचा ठेंगणाही.

बिट जिथे बसतं तिथे जाड सुतळी किंवा गुळगुळीत बारीक दांडी तोंडातून आडवी धरा आणि दोन्ही ओठांच्या कडांशी खूण करा. झालं माप. कड्या सैल फिरणाऱ्या बिटाला दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच जागा सोडा, नाहीतर ओठ कडीच्या भोकात चिमटतो. पक्क्या कड्यांच्या बिटाला तेवढी लागत नाही, ते गालाला हलकं टेकलं तरी चालतं.

आता विकणाऱ्याचं माप. काही जण कड्या धरून मोजतात, काही जण सांध्याचं बिट वाकलेलंच मोजतात. दोन्ही मापं निरुपयोगी. बिट टेबलावर सरळ ताणून ठेवून, कड्यांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर दिसेल असा टेपसकट फोटो मागायचा. फोटो काढायला ज्याला जिवावर येतं, त्याच्याकडून मी काही घेत नाही.

डोक्याच्या पट्ट्यांचंही, म्हणजे सबंध लगामाचंही, तेच. पोनी, कॉब, फुल ही लहान, मध्यम, मोठ्या मापांची नुसती नावं आहेत, एका कारखान्याचा कॉब दुसऱ्याच्या फुलएवढा निघतो. सध्या नीट बसणारा लगाम असेल तर तो मोजा: एका कडीपासून कानामागून दुसऱ्या कडीपर्यंत. जुन्या लगामात बकल मधल्या भोकांवर यायला हवं. शेवटच्या भोकावर कसंबसं बसतंय म्हणजे बसत नाहीये. कपाळपट्टी आखूड असली की कानांची मुळं ओढली जातात, घोडा डोकं झटकत राहतो, आणि मालक म्हणतो, 'माशा फार झाल्यात.'

माझ्या पाकिटात एक चिठोरं असतं. त्यावर प्रत्येक घोड्याचं तोंड, डोकं, तंगाची (खोगीर आवळायच्या पोटपट्ट्याची) लांबी लिहिलेली. त्यात नसलेलं माप मी घेत नाही, कितीही स्वस्त असलं तरी.

तेलाच्या चकाकीला भुलणं

हे सांगायचा मला पूर्ण अधिकार आहे, कारण ही चूक माझी.

पहिलं स्वतःचं खोगीर घेतलं तेव्हा मला बसणं येत होतं, पण सामानातलं काही कळत नव्हतं. खोगीर गडद, तुकतुकीत, बसायला गादीसारखं. विकणारा म्हणाला, 'आतला सांगाडा एकदम शाबूत.' मी बसकेवरून हात फिरवला, शिवण बघितल्यासारखं केलं आणि घेऊन आले. घोडी माझी शहाणी. पहिल्या आठवड्यात काही बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात खोगीर दिसलं की कान मागे. मग तंग आवळताना शेपटी आपटणं, मग चढताना पाठ खाली चोरणं. मी काय केलं असेल? 'नखरे करते' म्हणत दोन दिवस रागावले आणि तिसऱ्या दिवशी खोगिराखाली जाड घोंगडी घातली. तरी ऐकेना म्हणून आणखी एक.

खोगीरभरती हा शब्द आपल्या भाषेत उगाच नाही आला. आधीच अरुंद बसणाऱ्या खोगिराखाली आणखी थर घालणं म्हणजे पाय दाबणाऱ्या बुटात दोन जोड मोजे घालणं. दाब कमी होत नाही, वाढतो.

शेवटी एका जुन्या कारागिराने ते खोगीर मांडीवर घेतलं, पुढच्या कमानीची दोन्ही टोकं हातात धरून आत दाबली आणि माझ्याकडे बघितलं. कट् असा बारीक आवाज आला. पुन्हा दाबली, पुन्हा कट्. उघडल्यावर डावीकडे कमानीला आरपार तडा. कधीतरी घोडा खोगिरासकट लोळला असेल किंवा ते उंचावरून पडलं असेल. वरच्या तेलाखाली सगळं झाकलेलं. घोडीच्या खांद्यामागे डाव्या बाजूला पुढे पांढरे केस आले, कारण सततच्या दाबाने केसांची मुळं दुखावली की तिथे रंग परत येत नाही. ती होती तोवर रोज खरारा करताना तो डाग हाताखाली यायचा.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. खोगीर हातात आलं की बसकेकडे बघायचंच नाही. आधी पुढची कमान: दोन्ही टोकं धरून आत दाबायची, बाहेर ओढायची. हलता कामा नये, आवाज तर नाहीच नाही. मग पुढचा भाग पोटाशी टेकवून मागचा कठडा दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढायचा. लवचीक सांगाडा किंचित लवतो आणि परत जागेवर येतो, ते ठीक. बसकेवर आडवी घडी पडली, एकच बाजू जास्त लवली किंवा कुरकुर ऐकू आली, तर नमस्कार करून निघायचं. मोडका सांगाडा फुकट मिळाला तरी नको.

त्यानंतर उलटं करून मागून एका डोळ्याने बघायचं, पीळ आहे का. खालच्या गाद्यांवरून तळवा दाबत न्यायचा. आतली लोकर गोळे होऊन बसली असेल तर हाताला खडे लागतात. हे दुरुस्त होतं, लोकर नव्याने भरता येते, पण त्याचा खर्च किमतीत आधीच धरा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायचा तो इथेच.

शाबूत खोगीर म्हणजे बसणारं खोगीर नव्हे. मानेच्या मुळाशी पाठीवर जो उंचवटा असतो, त्याच्या आकारावर सगळं अवलंबून. खांद्याच्या हाडामागे दोन बोटं सोडून, वाकवल्यावर आकार धरून ठेवणारी तार उंचवट्यावर दाबायची, तो आकार पुठ्ठ्यावर उतरवायचा आणि कापायचा. हा पुठ्ठा घेऊन खोगीर बघायला गेलात की विकणारा हसतो. हसू द्या. स्वार बसल्यावरही उंचवटा आणि खोगीर यांत दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. आणि घोड्याला बरगड्यांच्या 18 जोड्या असतात, शेवटच्या बरगडीच्या मागे खोगीर जाता कामा नये. आपल्याला ऐसपैस बसायला हवं म्हणून लांब खोगीर घेणारे लोक घोड्याच्या कमरेवर बसतात.

बिटाचं नुसतं नाव बघणं

बिट, म्हणजे जुन्या शब्दात कडियाळ, ही जुन्या बाजारातली सगळ्यात सुरक्षित खरेदी असं लोक समजतात. लोखंडाला काय होणार? होतं. सांध्याच्या बिटात मधली दोन डोळी एकमेकांवर घासून बारीक होतात आणि कडेला पात्यासारखी धार येते. कड्या सैल असलेल्या बिटात कडीचं भोक झिजून लांबटतं आणि त्याची कड ओठ कापते. माझी परीक्षा सोपी आहे: डोळे मिटून बिटाच्या प्रत्येक इंचावरून अंगठा फिरवते. जिथे अंगठा अडला तिथे जीभही अडणार.

मुलामा दिलेलं बिट असेल तर मुलाम्याला एक टिकली एवढा पोपडा आला तरी सोडून द्या, त्याच्या कडा धारदार असतात. लोहचुंबक घट्ट चिकटला तर आत साधं लोखंड असण्याची शक्यता असते, पण हा काही अंतिम पुरावा नाही, कारण काही प्रकारचं स्टेनलेस स्टीलही चुंबकाला धरतं. उलट काही बिटं मुद्दामच गंजणाऱ्या लोखंडाची बनवतात, कारण त्या गंजाने घोड्याच्या तोंडाला लाळ सुटते. त्यांचा तपकिरी रंग बघून लोक ती टाकून देतात आणि मी उचलते. रबराचं आवरण असेल आणि त्यावर दातांच्या खुणा असतील तर मात्र हात लावू नका.

नावाचा घोटाळा वेगळाच. मध्ये सांधा दिसला की लोक त्याला स्नॅफल म्हणतात आणि स्नॅफल म्हणजे मऊ असं धरून चालतात. सांध्याचा काही संबंध नाही. हातातला लगाम थेट तोंडाजवळच्या कडीला बांधला जात असेल तर स्नॅफल. खाली दांड्या असतील आणि लगाम त्यांच्या टोकाला असेल तर ती तरफ झाली. तोंडाच्या वर पाच सेंटिमीटर आणि खाली दहा सेंटिमीटर दांडी असेल तर हाताचा ओढा तोंडात दुपटीने पोचतो. नवशिक्या हाताला ही दुप्पट द्यायची का, हे विकणारा सांगणार नाही.

इथे एका मुलाची आठवण येते. घोडा हाताला ओढतो म्हणून त्याने जुन्यातलं एक जरा कडक बिट घेतलं. आठवडाभर सुधारणा, मग पुन्हा तेच. मग आणखी कडक. स्वस्तच होती ना. माझ्याकडे आला तेव्हा डब्यात सात बिटं होती आणि आठवं कुठलं घेऊ हे विचारायचं होतं. मी म्हटलं, 'सात बिटांत एकदा तरी घोड्याचं तोंड उघडून बघितलंस का?' नव्हतं बघितलं. पशुवैद्यांनी बघितलं तेव्हा मागच्या दाढेला टोक आलेलं आणि गालाला आतून जखम. दाढा घासल्या, जखम भरू दिली, आणि सुरुवातीचं, त्या सातांतलं पहिलंच, साधं बिट परत घातलं. घोडा चालायला लागला. किंमत कमी असली की माणूस निदान करायचं सोडून खरेदी करत सुटतो, हे मी वारंवार पाहिलंय.

कातडं फक्त समोरून बघणं

कातडं तुटतं ते वाकतं तिथे आणि घासतं तिथे: बिटाला अडकवलेली घडी, बकलाखालची जागा, पाय ठेवायच्या रिकिबीचा पट्टा खोगिराला लटकतो तो भाग. प्रत्येक घडी उलगडून उलट वाकवा. बारीक रेषा ठीक, आत तंतू दिसणारी भेग नाही. शिवण नखाने ओढा. घासल्यावर हाताला लालसर भुकटी लागली तर कातडं आतून सडलंय, त्यावर इलाज नाही. तेलाने कातडं मऊ होतं, तुटलेले तंतू जुळत नाहीत. विकायच्या आदल्या दिवशी तेलात बुडवलेलं सामान हाताला चिकट लागतं, ते मला आवडत नाही. आणि बाकी कशाची नाही तरी हातातल्या लगामाची आणि तंगाच्या पट्ट्यांची शिवण बघाच. धावत्या घोड्यावर या दोनपैकी एक तुटलं की शिकलेलं काही कामाला येत नाही.

बाकीच्या, पटापट

रिकीब बुटाच्या सगळ्यात रुंद भागापेक्षा साधारण इंचभर रुंद हवी. अरुंद रिकिबीत अडकलेला पाय पडताना सुटत नाही.

रिकिबीचे पट्टे शेजारी लटकवून भोकं जुळवा. डावा बहुतेक लांबलेला असतो, कारण सगळे डावीकडून चढतात. थोडा फरक असेल तर मी दर महिन्याला पट्टे आलटून पालटून लावते.

तंगाचं इलास्टिक ताणून सोडा. सावकाश परत आलं तर ते संपलंय.

स्पर्धेत उतरायचं असेल तर त्या प्रकारात ते बिट चालतं का हे नियमांत आधी बघा, घेतल्यावर नाही.

हेल्मेट जुनं घेऊ नका. एका आपटण्यात आतला फोम दबतो आणि बाहेरून काही दिसत नाही. यावर मी वाद घालत नाही.

घरी आणलेलं सामान तसंच घोड्यावर चढवू नका. गजकर्णाचे बीजाणू जुन्या सामानावर महिनोन्‌महिने तग धरतात, आणि घशाच्या गाठी सुजवणारा स्ट्रँगल्ससारखा रोग दुसऱ्या घोड्याच्या तोंडातल्या बिटावरूनही येतो. आधी मळ पूर्ण घासून काढा, कारण मळावर जंतुनाशक ओतून काही होत नाही. मग जंतुनाशक. सगळं धातूचं बिट असेल तर मी ते सरळ दहा मिनिटं उकळते. कातडं उकळायचं नाही, हे सांगावं लागतं, कारण एकाने उकळलं होतं.

आणि पैसे देण्याआधी परत घेण्याचं ठरवून घ्या, निदान खोगिराचं. वीस-पंचवीस मिनिटं घाम येईपर्यंत घोडा फिरवा, खोगीर उतरवा आणि पाठ बघा. ओल्या पाठीवर मधेच कोरडा ठिपका राहिला असेल तर तिथे एकतर खोगीर टेकतच नाहीये, नाहीतर फार दाबतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी बोटांनी हलकं दाबा. घोडा पाठ चोरत असेल, तर खोगीर त्याच दिवशी परत.