स्विंगमध्ये डोकं सरकतंय? सावलीत बघा

गोल्फचा स्विंग घेताना डोकं किती सरकतं, ते आपलं आपल्याला कळत नाही. सकाळी नऊच्या सुमारास ऊन पाठीवर घेऊन उभे राहा.

१. नेहमीसारखं वाकून, सावलीतल्या डोक्याच्या दोन्ही कडांशी एकेक टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) रोवा.
२. चेंडू न ठेवता, सावलीकडे बघत सात नंबरच्या आयर्नने (गोल्फची एक काठी) सावकाश बॅकस्विंग घ्या, म्हणजे काठी मागे-वर न्या. डोक्याची सावली टीच्या बरीच बाहेर गेली, तर खांदे वळण्याऐवजी अख्खं अंग बाजूला जातंय. दहा-बारा वेळा करा, फरक दिसतो.

मान मात्र आखडून धरू नका. बोटभर हालचाल चालते, आणि फटका बसल्यावर डोकं उजव्या खांद्याबरोबर (डावखुऱ्यांचं डाव्या) वर येऊ द्या, नाहीतर मान-पाठ धरते.