वीकेंडची सहल आणि मुलांचा खरेपणा : या चुका टाळा

मुलांना खरं बोलायची सवय लावायची तर सहलीसारखी संधी नाही. दोन दिवस मूल चोवीस तास आपल्याबरोबर असतं. त्या दोन दिवसांत वय, पैसे, रजा, वेळ अशा कशाकशावरून मोठी माणसं किती सहज थापा मारतात, हेही त्याला अगदी जवळून दिसतं. मी माथेरानचंच उदाहरण घेते. मुंबई-पुण्याकडच्या घरांत शनिवार-रविवार जोडून सुट्टी आली की हे नाव निघतंच, आणि तिथे जाईपर्यंत आपण घसरू शकू अशा जागाही पुष्कळ आहेत.

निघण्याआधीच मुलाच्या तोंडी खोटं घालणं

शुक्रवारची शाळा बुडवायची म्हणून डायरीत ‘ताप होता’ असं लिहिलं जातं. त्याहून वाईट म्हणजे मुलाला बजावलं जातं, “बाईंनी विचारलं तर ताप आला होता म्हण.” म्हणजे खोटं आपलं, पण ते निभावून न्यायचं त्या लेकराने. सोमवारी मधल्या सुट्टीत त्याला घोड्यावर बसल्याची गंमत सांगायची असते, आणि बाईंच्या कानावर जाईल म्हणून ते गप्प बसतं. डायरीत ‘कौटुंबिक कारणासाठी रजा’ असं लिहा. बाई नाराज झाल्या, तर ते आपण ऐकून घ्यायचं. ‘आत्याला सांगू नकोस हं, आपण फिरायला गेलो होतो’ हाही याच जातीचा प्रकार. आत्याला आपणच फोन करून सांगितलं की पोराच्या डोक्यावरचं ओझं जातं.

तिकीटखिडकीवर वय चोरणं

रेल्वेचा नियम साधा आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच पूर्ण झाल्यावर बारा पूर्ण होईपर्यंत अर्धं तिकीट. आरक्षित डब्यात त्या वयाच्या मुलासाठी वेगळी बर्थ हवी असेल, तर २०१६ पासून पूर्ण भाडं पडतं. एसटीतही पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट.

खिडकीपाशी बाबा म्हणतात, “छोटा आहे हो, साडेचारचा.” हात धरून उभा असलेला मुलगा आधी बाबांकडे बघतो, मग खिडकीकडे, आणि हळूच म्हणतो, “मला सहा पूर्ण झाले ना?” आई त्याचा दंड दाबते. सगळा धडा त्या दाबण्यात आहे. खरं बोललास तर दंड दाबला जातो, एवढंच त्याला कळतं. मुंबईहून माथेरानच्या पायथ्याच्या नेरळपर्यंतच्या लोकलच्या अर्ध्या तिकिटात वाचून वाचून किती वाचतात? वडापावाचे पैसे! आणि मूल मात्र दोन दिवस ‘मी सहाचा की साडेचारचा?’ या पेचात. हॉटेलांचे नियम तर एकेकाचे वेगळे असतात. खोली ठरवतानाच मुलांची खरी वयं सांगा आणि जादा गादीचे पैसे विचारून घ्या, म्हणजे काउंटरवर कुजबुज करावी लागत नाही. वर गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवेश कर भरतानाही तसंच. वय मुलालाच सांगू द्या. मोठं झाल्याचा त्याला अभिमान असतो, तो तिथे कामी येतो.

चौकशी न करता शब्द देणं

“चल, झुकझुक गाडीत बसवतो” असं सांगून मुलाला भल्या पहाटे उठवलं जातं. नेरळ-माथेरान गाडी १९०७ पासूनची आहे, मुलांना तिचं वेड असणारच. पण पावसाळ्यात नेरळहून वरपर्यंत ती धावत नाही. दस्तुरीजवळचं अमन लॉज स्टेशन ते माथेरान एवढी शटल तेवढी चालते. एरवीही फेऱ्या मोजक्या आणि रांग मोठी. तिकीट मिळालं नाही की आपण म्हणतो, “गाडी बिघडली.” समोरून गाडी शिट्टी वाजवत निघून जाते आणि पोर ती बघत असतं. त्यापेक्षा आधीच सांगा, “तिकीट मिळालं तर गाडीने, नाहीतर टॅक्सीने.” दस्तुरीहून बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर चालायचं असताना दर वळणावर “पाच मिनिटांत पोचू” म्हणणंही सोडा. “अजून पाऊण तास आहे, मध्ये दोनदा बसू” हे मूल जास्त शांतपणे घेतं. रडणाऱ्याला “माकड घेऊन जाईल” सांगायचीही गरज नाही. माकडं तिथे आहेतच. ती हातातला खाऊ हिसकावतात, एवढं खरं कारण पुरतं.

अशा थापांनी काही बिघडत नाही, असं वाटत असेल तर सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झालेला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. शेजारच्या खोलीत खूप खाऊ आहे असं सांगून काही मुलांना तिथे नेलं, आणि ती थाप होती हेही त्यांना सांगितलं. पुढे एका खेळात खेळण्याकडे चोरून बघू नका असं बजावून मुलांना एकटं सोडलं. शाळकरी वयाच्या मुलांमध्ये, ज्यांना फसवलं होतं त्यांनी चोरून बघण्याचं आणि नंतर ते नाकारण्याचं प्रमाण फसवलं न गेलेल्यांपेक्षा जास्त निघालं.

माहीत असून उलटतपासणी करणं

ही सगळ्यात नेहमीची चूक. बाजारात चिक्की आणि चपला बघून हॉटेलवर परत येता, आणि मुलीच्या खिशातून विकत न घेतलेलं किचेन निघतं. आपला पहिला प्रश्न असतो, “हे कुठून आणलंस? खरं सांग!” उत्तर आपल्याला माहीत असतं, तिलाही ते कळतं, आणि घाबरून ती म्हणते, “सापडलं.” म्हणजे एका चुकीच्या दोन झाल्या, आणि दुसरी आपल्या प्रश्नाने घडवली.

विचारू नका, दिसतंय ते सांगा. “हे किचेन दुकानातलं आहे. पैसे द्यायचे राहिलेत. आपण परत देऊन येऊ, मी आहे बरोबर.” आवाज चढवायचा नाही, भावंडांसमोर नाही, आणि जाताना रस्ताभर व्याख्यानही नाही. दुकानात वस्तू तिच्या हातूनच द्या. बोलायचं धाडस झालं नाही तर वाक्य आपण पूर्ण करा. दुकानदार बहुधा म्हणतो, “राहू द्या हो, लेकरू आहे.” तरी वस्तू परत द्याच. ती तिच्याकडेच राहिली तर सगळी फेरी वाया. तो रागावला, तर पुढे होऊन ते आपण झेला. बाहेर आल्यावर “परत द्यायला आलीस, ते अवघड होतं” एवढंच म्हणा आणि विषय संपवा. रात्री जेवताना आजीला तो किस्सा सांगायचा नाही. घरी पोचल्यावर लक्षात आलं, तर दुकानाचा नंबर शोधून फोन करा आणि तिच्यासमोर पैसे पाठवा.

तिने आपणहून कबूल केलं, तर तेव्हा शिक्षा नको. भरपाई हवी, पण ‘कबूल केलं आणि मार खाल्ला’ हे मूल विसरत नाही.

रात्री पत्ते खेळताना सहा वर्षांचं मूल पान लपवतं, त्याला लगेच खोटारडं म्हणू नका. हरणं त्या वयाला झेपत नाही. ‘चॅलेंज’ खेळा, त्यात थाप मारणं हाच नियम आहे. खेळातली थाप आणि फसवणूक यांतला फरक मुलांना तिथे चटकन कळतो.

आपणच खोटं बोलून गेलो असू तर

वय चोरून गाडीत बसलात आणि मुलाने ते पाहिलं, तर ‘मोठ्यांचं वेगळं असतं’ म्हणून वेळ मारून नेऊ नका. त्याच दिवशी, त्याच मुलाला सांगा, “मी खिडकीवर चुकीचं वय सांगितलं. पैसे वाचवायचे होते.” परतीच्या प्रवासात त्याचं अर्धं तिकीट काढा, पैसे त्याच्या हातात द्या आणि खिडकीवर त्यालाच बोलू द्या.