गाडीवरचे मोमो: रस सांडू देऊ नका

संभाजीनगर असो की नांदेड, मोमोच्या गाडीवर आधी भांड्याकडे बघा. झाकण काढताच वाफेचा लोट यायला हवा. वाफवून तसेच ठेवलेले मोमो कडेनं वाळतात, तळाला चिकटून फाटतात. रस निघून जातो आणि उरतो नुसता कोरडा कोबी. म्हणून ताजेच मागा, दहा-बारा मिनिटं थांबावं लागलं तरी चालेल.

हाती आल्यावर एक कड किंचित चावा, वाफ जाऊ द्या, रस ओढून घ्या, मगच चटणीत बुडवा. नेपाळी अचारात, म्हणजे मोमोसोबतच्या तिथल्या चटणीत, भाजलेले टोमॅटो, तीळ आणि जीभ बधिर करणारा तिमूर असतो, म्हणजे कोकणातल्या तिरफळाचा भाऊबंद. गाडीवर बहुधा लाल मिरची-लसणाची चटणीच मिळते. ती टोकापुरतीच लावा, नाहीतर सारणाची चव कळतच नाही. मेयोनीज तर नकोच.